पॉलिसी तीन लाखांची, तरी लाखभर खिशातून का?

बोईसरच्या एकाच इमारतीत राहणारी दोन कुटुंबं घ्या. दोन्ही घरांतले कर्ते पुरुष तारापूर एमआयडीसीत कामाला, वयं जवळपास सारखी आणि दोघांकडेही तीन लाखांची मेडिक्लेम पॉलिसी. दोघांवर एकाच रुग्णालयात सारखीच शस्त्रक्रिया होते. पाच दिवसांनी घरी सोडताना दोघांच्याही हाती २,३०,००० रुपयांचं बिल येतं. एक जण १०,००० रुपये भरून घरी जातो. दुसऱ्याला मात्र ९९,५०० रुपयांची जुळवाजुळव करावी लागते.

हे उदाहरण हिशेब समजावा म्हणून घेतलं आहे, पण त्यातलं गणित खरं आहे. तीन लाखांची मर्यादा दोघांपैकी कुणीच ओलांडलेली नाही. कुणी आजार लपवला नाही, कंपनीनेही कुठला नियम मोडला नाही. फरक इतकाच की दुसऱ्याची पॉलिसी हप्त्याला स्वस्त होती.

आरोग्यविमा घेताना आपण दोन आकडे विचारतो: हप्ता किती आणि विमा किती लाखांचा. प्रत्यक्ष बिलाच्या वेळी मात्र तिसराच आकडा कामी येतो, तो म्हणजे बिलातला किती वाटा कंपनी उचलणार. परवडणारा आणि पैशाचं चीज करणारा विमा हवा असेल तर हा तिसरा आकडा आधी समजून घ्यायला हवा. त्याहीआधी, आपल्याकडे न मागता आलेलं संरक्षण कोणतं आहे, हे पाहायला हवं.

हप्त्याचे पैसे जातात कुठे?

भिशीत सगळे जण दरमहा पैसे टाकतात आणि पाळीपाळीने एकेकाला रक्कम मिळते. विमा म्हणजे अशी मोठी भिशी, जिथे पाळी चिठ्ठीने लागत नाही, आजारपणाने लागते. टाकतात सगळे, उचलतात मोजके. आणि हिशेब ठेवणारा, म्हणजे विमा कंपनी, आपला खर्च त्यातूनच काढून घेते.

हा खर्च किती असावा, याला विमा नियामक प्राधिकरणाने (आयआरडीएआय) मर्यादा घातली आहे. सर्वसाधारण विमा कंपन्यांना हप्त्यांच्या ३० टक्क्यांपर्यंत आणि फक्त आरोग्यविमा विकणाऱ्या कंपन्यांना ३५ टक्क्यांपर्यंत व्यवस्थापन खर्च करता येतो. एजंटचं कमिशन, जाहिराती, पगार हे सगळं त्यात आलं. उरलेल्या रकमेतून क्लेम दिले जातात. जमा झालेल्या शंभर रुपयांमागे किती रुपये क्लेमपोटी गेले, याचं प्रमाण प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करतं. अलीकडच्या वर्षांत सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्यांचं हे प्रमाण शंभराच्या आसपास आहे, तर फक्त आरोग्यविमा विकणाऱ्या कंपन्यांचं साठ-पासष्टच्या घरात.

पण एवढ्यावरून निकाल लावू नका. सार्वजनिक कंपन्यांकडे कारखाने-कार्यालयांच्या सामूहिक पॉलिसी बऱ्याच असतात आणि त्यांत क्लेमचं प्रमाण मुळातच जास्त असतं. शिवाय जमा आणि खर्च बरोबरीत आले की पुढे हप्ता वाढतो. हे प्रमाण फार कमी दिसलं, तर आपल्या पैशातला मोठा वाटा परत येत नाही, एवढा इशारा त्यातून घ्यावा.

आधी घरात काय आहे ते मोजा

खाजगी पॉलिसी घेण्यापूर्वी पगाराची पावती आणि रेशनकार्ड समोर ठेवा.

पगाराच्या पावतीवर ‘ईएसआय’ असा रकाना असेल, तर तुम्ही कर्मचारी राज्य विमा योजनेत आहात. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यातल्या, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला ही योजना लागू होते. वेतनाची ही मर्यादा २०१७ पासून आहे. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. म्हणजे २१,००० पगारावर कामगाराचे महिन्याला साधारण १५८ रुपये. त्या बदल्यात तो स्वतः, बायको, मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांना उपचार मिळतात. आजारपणात काम बुडालं तर अटी पूर्ण करणाऱ्याला वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कमही मिळते. एवढ्या पैशांत इतकं देणारी खाजगी पॉलिसी बाजारात नाही. उपचार मात्र योजनेचे दवाखाने आणि त्यांनी पाठवलेल्या रुग्णालयांतच घ्यावे लागतात, ही तिची मर्यादा.

ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी. पावतीवर पैसे कापलेले दिसले म्हणजे ते कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे भरले गेले, असं नव्हे. आपला विमा क्रमांक मागून घ्या आणि वर्गणी जमा होते का, ते पाहा. ओव्हरटाइमचंही लक्षात ठेवा: २१,००० ची मर्यादा ठरवताना ओव्हरटाइम धरत नाहीत. त्यामुळे ओव्हरटाइमने पगार फुगला म्हणून कुणी योजनेबाहेर जात नाही.

रेशनकार्डाचा संबंध महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. पूर्वी ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डधारकांसाठी होती. राज्य सरकारच्या २०२३ च्या निर्णयाने पांढऱ्या कार्डधारकांसह सगळ्या कुटुंबांना खुली झाली आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत गेलं. यादीतले उपचार, यादीतल्या रुग्णालयांत, मंजुरी घेऊन अशी तिची पद्धत आहे. रुग्णालयातला योजनेचा प्रतिनिधी, म्हणजे आरोग्यमित्र, कागदपत्रं पाहतो. १५५३८८ या क्रमांकावर चौकशी करता येते. सत्तरी ओलांडलेल्यांना केंद्राच्या आयुष्मान योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही.

जव्हार-मोखाड्यातल्या किंवा विक्रमगडमधल्या रोजंदारीवरच्या कुटुंबाला कुणी खाजगी पॉलिसी विकत असेल, तर आधी रेशनकार्डावरची नावं नीट करून या योजनांचं आयुष्मान कार्ड काढून घ्या, असंच मी सांगेन. पोटाला चिमटा काढून भरलेला हप्ता पुढच्या वर्षी भरता आला नाही, तर पॉलिसी बंद पडते आणि आधीचे पैसेही वाया जातात.

मग खाजगी विमा कुणाला हवा? ज्याचा पगार २१,००० च्या वर गेला, ज्याला आपल्या पसंतीच्या रुग्णालयात जायचं आहे, ज्याचा स्वतःचा धंदा आहे किंवा ज्याचा सगळा भरवसा कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमवर आहे, त्याला. ग्रुप पॉलिसी चांगली असते, बऱ्याचदा तिच्यात जुने आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. पण नोकरी सुटली की ती संपते.

बिलाला कात्री कुठे लागते?

आता ते २,३०,००० रुपयांचं बिल उघडू.

- खोलीभाडं, पाच दिवस, रोज ६,००० प्रमाणे: ३०,०००
- शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह: १,२०,०००
- औषधं, तपासण्या, शरीरात बसवलेलं साहित्य: ७०,०००
- हातमोजे, नोंदणी शुल्क आणि असा न मिळणारा किरकोळ खर्च: १०,०००

स्वस्त पॉलिसीत लिहिलं होतं: खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्का. तीन लाखांचा १ टक्का म्हणजे रोज ३,००० रुपये. रुग्णाने ६,००० ची खोली घेतली. वरचे पाच दिवसांचे १५,००० रुपये आपण भरू, असं त्याला वाटलं. खरी मेख इथेच आहे. खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची असेल, तर कंपनी खोलीशी निगडित असलेला बाकीचा खर्चही त्याच प्रमाणात कापते. याला प्रमाणशीर कपात म्हणतात. बऱ्याच रुग्णालयांत खोलीचा वर्ग वाढला की डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृहाचं भाडंही वाढतं, असं त्यामागचं कारण.

म्हणून खोलीचे ३०,००० ऐवजी १५,००० मिळाले आणि डॉक्टर-शस्त्रक्रियागृहाचे १,२०,००० ऐवजी ६०,०००. औषधं, तपासण्या आणि बसवलेल्या साहित्यावर अशी कपात करता येत नाही, त्यामुळे ७०,००० पूर्ण मिळाले. एकूण १,४५,०००. त्यावर १० टक्के को-पे, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये रुग्णाने उचलायचा वाटा. तो १४,५०० रुपये झाला. कंपनीने दिले १,३०,५०० आणि खिशातून गेले ९९,५००.

शेजाऱ्याच्या पॉलिसीत खोलीची मर्यादा नव्हती, को-पेही नव्हता. फक्त किरकोळ खर्चाचे १०,००० त्याला भरावे लागले.

विमा रक्कम वाढवण्यापेक्षा ही दोन कलमं आधी वाचावीत, ती यासाठी. खोलीच्या मर्यादेची पॉलिसी आधीच घेतलेली असेल, तरी उपाय आहे: भरती होतानाच मर्यादेत बसणारी खोली मागा. वरच्या उदाहरणात रुग्णाने ३,००० ची खोली घेतली असती, तर प्रमाणशीर कपात झालीच नसती. जिथे खोलीनुसार दर बदलत नाहीत, त्या रुग्णालयातही ही कपात लावता येत नाही.

पिनकोडचा हिशेब

हप्ता वय, विमा रक्कम आणि राहण्याचं ठिकाण यांवर ठरतो. अनेक कंपन्या देशाचे ‘झोन’ पाडतात. मुंबईसारख्या महागड्या शहरांचा झोन वरचा, लहान गावांचा खालचा. पालघरचा ४०१४०४ किंवा बोईसरचा ४०१५०१ हा पिनकोड कोणत्या झोनमध्ये येतो, हे कंपनीनुसार बदलतं.

खालच्या झोनचा हप्ता कमी, हे ऐकायला बरं वाटतं. पण आपल्याकडचे गंभीर रुग्ण जातात कुठे? पश्चिम रेल्वेने मुंबईच्या बाजूला, नाहीतर वापी किंवा सिल्वासाला. खालच्या झोनची पॉलिसी असताना मुंबईत उपचार घेतले, तर काही पॉलिसींत ठरावीक टक्के को-पे लागतो. म्हणून एजंटला सरळ विचारा: ‘बोईसरच्या पत्त्यावरची ही पॉलिसी मुंबईतल्या रुग्णालयात वापरली, तर कपात होईल का?’ उत्तर लेखी घ्या.

कंपनीच्या यादीत नसलेल्या रुग्णालयातही कॅशलेस सोय मिळावी, म्हणून विमा कंपन्यांनी जानेवारी २०२४ पासून ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ सुरू केलं आहे. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेच्या ४८ तास आधी किंवा तातडीच्या भरतीनंतर ४८ तासांच्या आत कंपनीला कळवावं लागतं. तरीही वापीच्या किंवा मुंबईच्या ज्या रुग्णालयात आपण जाऊ शकतो, ते कंपनीच्या यादीत आहे का, हे पॉलिसी घेण्याआधीच पाहिलेलं बरं.

थांबावं लागतं, म्हणून लवकर घ्यावं

पॉलिसी घेतल्याबरोबर सगळे आजार त्यात येत नाहीत. साधारण पहिले ३० दिवस अपघात सोडून बाकी क्लेम मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, सांधेबदल अशा ठरावीक उपचारांना आणि आधीपासून असलेल्या आजारांना त्याहून अधिक थांबावं लागतं. हा काळ पूर्वी चार वर्षांपर्यंत असू शकत होता. एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३६ महिने केला आहे.

हा काळ पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे ईएसआय चालू असताना किंवा कंपनीची ग्रुप पॉलिसी हाताशी असतानाच स्वतःची छोटी पॉलिसी घेऊन ठेवणं शहाणपणाचं आहे. नोकरी सुटेपर्यंत थांबण्याचा बराच काळ उलटून गेलेला असतो.

फॉर्म भरताना रक्तदाब, साखर, जुनी शस्त्रक्रिया यांतलं काहीही लपवू नका. ‘हे लिहू नका, हप्ता वाढेल,’ असं कुणी सांगितलं, तर त्याचं ऐकू नका. नेमक्या त्याच कारणावरून पुढे क्लेम नाकारला जातो. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली, की सिद्ध झालेली फसवणूक सोडून इतर कारणांनी जुनी माहिती उकरून क्लेम नाकारता येत नाही. तुम्ही क्लेम घेतला होता म्हणून कंपनीला नूतनीकरणही नाकारता येत नाही. म्हणूनच हप्त्यात खंड पडू देऊ नये. कंपनी बदलायची असेल, तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टेबिलिटीसाठी अर्ज करा, म्हणजे आधी थांबलेला काळ धरला जातो.

कमी हप्त्यात मोठी रक्कम कशी?

मोठी आजारपणं क्वचित येतात, लहान वारंवार. त्यामुळे पहिल्या काही लाखांचा विमा महाग पडतो आणि त्यावरचा स्वस्त. याचा फायदा ‘सुपर टॉप-अप’ पॉलिसीत घेता येतो. तिच्यात एक उंबरठा ठरलेला असतो, ज्याला डिडक्टिबल म्हणतात. वर्षभराचा रुग्णालयाचा खर्च त्याच्या वर गेला, की वरचा भाग ती देते.

समजा उंबरठा ५ लाखांचा आहे. वर्षात एकदा ४ लाखांचं आणि एकदा ३ लाखांचं बिल झालं. एकूण ७ लाख. पहिले ५ लाख मूळ पॉलिसीतून, उरलेले २ लाख सुपर टॉप-अपमधून. साध्या टॉप-अपमध्ये मात्र प्रत्येक बिल वेगळं मोजतात. दोन्ही बिलं ५ लाखांच्या आतली, म्हणून ती एक रुपयाही देणार नाही. सही करण्याआधी ‘सुपर’ हा शब्द आहे ना, ते पाहा.

मध्यमवर्गीय घराला ५ लाखांची, कमी कपातीची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप ही जोडणी बहुधा एकाच मोठ्या पॉलिसीपेक्षा स्वस्त पडते. कुटुंबाच्या एकत्रित म्हणजे फ्लोटर पॉलिसीत आईवडिलांना घालू नका. तिचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या वयावर ठरतो. त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी घ्या. पासष्टीनंतर नवी पॉलिसी मिळतच नाही, हा समजही आता जुना झाला. २०२४ पासून वयाची तशी अट नाही.

वाचून गोंधळ होत असेल, तर तुलनेसाठी ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसी समोर ठेवा. प्राधिकरणाने २०२० मध्ये ती सगळ्या कंपन्यांसाठी एकाच मसुद्याची केली. मूळ अटींत खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के, पण रोज ५,००० पर्यंत, आणि को-पे ५ टक्के. आपल्या बिलाला ती लावली, तर कंपनी १,८५,२५० रुपये देते आणि खिशातून ४४,७५० जातात. अटी सारख्या असल्याने कुठल्या कंपनीचा हप्ता कमी, हे पाहणंही सोपं जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही माफ झाला आहे. जुन्या दरपत्रकावर विसंबू नका, नवा आकडा मागा.

क्लेम अडला तर

२०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत. उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर ती कंपनीने सोसायची. क्लेम नाकारला तर कोणत्या कलमाखाली नाकारला, हे लेखी मागा.

आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. तिथे दाद लागली नाही, तर प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ यंत्रणेकडे १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पालघर जिल्ह्यासाठीचं लोकपाल कार्यालय ठाण्यात आहे. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. फी नाही, वकील लागत नाही.

चौकट: सही करण्यापूर्वी विचारायचे आठ प्रश्न

१. ईएसआय, जन आरोग्य योजना, ग्रुप मेडिक्लेम यांपैकी माझ्याकडे आधीच काय आहे?
२. खोलीभाड्याला मर्यादा आहे का? असल्यास रोज किती रुपये?
३. को-पे आहे का? कोणत्या वयानंतर, किती टक्के?
४. माझा पिनकोड कोणत्या झोनमध्ये? मुंबईत उपचार घेतले तर कपात होईल का?
५. मोतीबिंदू, सांधे, मूतखडा अशा उपचारांना वेगळी रक्कम ठरलेली आहे का?
६. जुन्या आजारांसाठी किती महिने थांबावं लागेल?
७. आपण ज्या रुग्णालयांत जाऊ, ती यादीत आहेत का?
८. माझं वय दहा वर्षांनी वाढल्यावर आजच्या दराने हप्ता किती असेल?

पुढचं पाऊल

पॉलिसीबरोबर कंपनी एक ग्राहक माहितीपत्रक देते. त्यात मर्यादा, को-पे आणि थांबण्याचा काळ थोडक्यात लिहिलेला असतो. ते मराठीतून मागा, तो तुमचा हक्क आहे. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत पटली नाही, तर ती परत करता येते. किरकोळ वजावट होऊन पैसे परत मिळतात. पॉलिसी निवडताना मोफत तपासण्या, व्यायामशाळेची सवलत, करबचत ही कारणं दुय्यम समजावीत. करबचतीची वजावट तर जुन्या करपद्धतीतच मिळते.

वेळ नेमकी कुठे साधायची, हेही कळलं पाहिजे. ईएसआयच्या वर्गणीचे कालखंड दोन: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मधल्या एखाद्या महिन्यात पगार २१,००० च्या वर गेला, तरी तो कालखंड संपेपर्यंत कामगार योजनेत राहतो. पगारवाढीचं पत्र हाती पडल्यावर मिळणारे हे काही महिने फार मोलाचे असतात. तोवर उपचारांची सोय असते, वाढलेला पगार हातात येत असतो आणि नव्या पॉलिसीचे पहिले ३० दिवस ईएसआयच्या आधारावर निघून जातात. बोईसर-तारापूरच्या प्रत्येक कामगाराने पगारवाढीच्या पहिल्याच महिन्यात चौकटीतले आठ प्रश्न घेऊन दोन-तीन कंपन्यांकडे जावं आणि वाढलेल्या पगारातला पहिला खर्च आरोग्यविम्याचा करावा.